प्रोफेसर केळफा

पनवेलहून बोरघाट चढून गेले की लोणावळे लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे धुंडिराज गोविंद फाळके यांचा छापखाना होता. राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयासाठी ते काम करीत. चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेबांना आम्ही वंदन करतो. पण त्यांच्यातल्या खेळकर, हसऱ्या माणसाची आठवण आम्हांला क्वचितच होते.

१८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने चित्रकला, छायाचित्रण व मुद्रण या विद्यांसोबत जादूगिरीही आत्मसात केली होती. आपलेच आडनाव उलटे करून ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करीत.

१९११ च्या ईस्टरला मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण व श्रीराम उभे राहिले, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे. विम्याची पॉलिसी गहाण पडली, पत्नी सरस्वतीबाई कामाला हातभार लावीत राहिल्या आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९१४ मध्ये, ‘मोहिनी भस्मासुर’ या पौराणिक पटाच्या जोडीला त्यांनी ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी पट दाखविला. आख्यानानंतर फार्स करण्याची आपल्या रंगभूमीची जुनी रीत त्यांनी जणू पडद्यावर आणली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये तर देव आणि विनोद वेगळे उरलेच नाहीत. त्यांची छोटी कन्या मंदाकिनी त्यात कृष्ण झाली. आरंभी ती नुसत्या चेहऱ्याने निरनिराळे भाव दाखविते. मग हा बाळकृष्ण लोणी चोरतो, खोड्या काढतो आणि शेवटी कालियाच्या फण्यावर उभा राहतो.

बोलपट आले आणि हा मूक खेळ मागे पडला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा दादासाहेबांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले. १९६९ पासून त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.

मोठ्या माणसांना आम्ही फार लवकर मखरात बसवितो. मखरातली मूर्ती हसत नाही. दादासाहेबांनी मात्र देवालाही खोडकर होऊ दिले. श्रद्धेला हसण्याचे वावडे नसते, हे त्यांनी एक शब्दही न उच्चारता दाखविले. त्यांना वंदन करताना आम्ही थोडे हसलो, तर प्रोफेसर केळफांना ते आवडेल.