अंगणातल्या फियाटचे पुनरुज्जीवन

विंटेज मोटार म्हटले की संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस डोळ्यांसमोर येतात. जळगाव-धुळे पट्ट्यातील जुनी मोटार मात्र बहुधा एखाद्या डॉक्टरांची, वकिलांची किंवा अडत्याची फियाट असते. मूळ मालक गेला, मुले पुण्या-मुंबईला स्थायिक झाली आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, कपाशीच्या ढिगाशेजारी, विटांवर उभी राहिली. भंगारवाला अधूनमधून वजनावर भाव सांगून जातो. अशी गाडी घरच्या अंगणात पुन्हा चालती करता येते. मात्र हे काम नवी गाडी घडवण्याचे नसून जुनी जतन करण्याचे आहे. याचे भान सुटल्यास पैसा तर जातोच, शिवाय गाडीची विंटेज ही ओळख कायद्याच्या दृष्टीनेही पुसली जाते.

'फिवा' या जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गवारीत १९१९ ते १९३० या काळातील मोटारींनाच विंटेज म्हणतात. भारतीय कायदा त्याहून उदार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी वा चारचाकी विंटेज ठरते. अट एकच, पण कडक आहे: गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा.

खानदेशात नेमकी इथेच अडचण येते. पेट्रोल परवडेना म्हणून फियाट, अ‍ॅम्बॅसेडर आणि जीपगाड्यांना डिझेल इंजिन बसवण्याची एके काळी रीतच पडली होती. आजही एखादा मिस्त्री तोच सल्ला देतो. जुने इंजिन कितीही जीर्ण असले तरी ते विकू नये.

फियाटच्या बाबतीत मूळ इंजिन वाचवणे फारसे अवघडही नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. फियाट ११०० चे पुढे 'डिलाइट' झाले, १९७२ मध्ये 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. नावे बदलली, तरी १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन तेच राहिले. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली आणि मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. तरीही मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या सुट्या भागांच्या बाजारांत शोध घेता येतो.

पाना हाती घेण्यापूर्वी आरसी बुक हाती घ्यावे. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असल्यास वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी ३१ क्रमांकाचा नमुना भरावा लागतो. पुस्तकातील इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहावेत. हे क्रमांक कोरलेल्या जागेवर रंगारी बिनदिक्कत लांबी भरतात आणि मग आरटीओच्या निरीक्षकासमोर पॉलिश पेपर घेऊन बसण्याची वेळ येते.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला बॅटरी जोडून थेट स्टार्टर मारणे हा सर्वांत महागडा प्रकार होय. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. जबरदस्ती केल्यास त्या तुटतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडावे, दोन-चार दिवस थांबावे आणि मग हँडलने हळूहळू फिरवून पाहावे. इंजिन मोकळे झाल्यावर जुने ऑइल काढून, चेंबर उतरवून तळाशी साचलेला गाळ धुवावा. पॉइंट, कंडेन्सर आणि मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात त्या डिस्ट्रिब्युटरची टोपी तपासावी. कपाशीत वाढलेल्या उंदरांनी वायरिंग कुरतडलेले असतेच. जोड मारत बसण्यापेक्षा, जुन्या रंगांच्या क्रमानेच, ते नवे ओढावे.

इंधनाचा प्रश्न मात्र आजच्या काळाने निर्माण केला आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पन्नास वर्षांपूर्वीचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा यांना ते सोसत नाही. रबर फुगते किंवा भेगाळते. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषते, त्यामुळे बंद गाडीची टाकी आतून गंजते. इथेनॉल सोसणारे पाइप आणि पडदा बसवावेत आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी. गळक्या टाकीला घरी वेल्डिंग कदापि करू नये. रिकाम्या टाकीतील पेट्रोलची वाफ स्फोटक असते.

खानदेशात भर पडते ती उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना चाळीसगावहून कन्नड घाट चढू लागलेली जुनी गाडी मध्येच बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते. हा भुताटकीचा प्रकार नव्हे. इंजिनाला लागून असलेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, वाफ खेचताना पंप निकामी ठरतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय शास्त्रशुद्धच आहे. कायमचा इलाज म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर ठेवणे आणि कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक तुकडा शाबूत राखणे. रेडिएटरमध्ये बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी न भरता डिस्टिल्ड वॉटर व कूलंट घालावे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय चुकीची आहे. त्याने गाळाने तुंबलेला रेडिएटर साफ होत नाही.

याच हवेचा एक फायदाही आहे. कोकणच्या तुलनेत येथे पाऊस आणि दमटपणा कमी, त्यामुळे पत्रा बराच वाचलेला आढळतो. तरीही दाराखालचे पट्टे आणि पायाखालची जमीन टोचून पाहावी. या फियाटला वेगळी चासी नाही; बॉडी हाच सांगाडा आहे. तेथील गंज लांबी भरून झाकणे म्हणजे मोडक्या हाडावर मलम लावणे. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा जोडावा लागतो आणि हे काम चांगल्या वेल्डरकडेच सोपवावे. मूळ रंग थोडा उडालेला असला तरी शक्य तेथे तसाच ठेवावा. चकचकीत नवा रंग शेजाऱ्यांना आवडतो, जाणकारांना नाही.

ब्रेकच्या बाबतीत मात्र जुनेपणाचे कौतुक नको. चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. सिलिंडरमधील रबरे, होज पाइप आणि लायनर सर्व नवे घालावेत. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याची भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही गेला तर रबरे फुगून बसतात.

आधीच नोंदणी असलेल्या विंटेज गाडीला जुना क्रमांक राखता येतो. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला 'व्हीए' मालिकेतील क्रमांक मिळतो. त्यासाठी नियमांत २० हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच मुभा असते. कुटुंबाला घेऊन दर चतुर्थीला पद्मालयाला जाण्याची ज्याची इच्छा आहे, त्याने विंटेजच्या मोहात न पडता जळगाव किंवा धुळ्याच्या आरटीओत दर पाच वर्षांनी साधे नूतनीकरण करून घेणेच सोयीचे.