दीर्घिकेची वेस नेमकी कुठे?

आजचा प्रश्न साधा आहे. दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, संपते कुठे? गावाला वेस असते, तशी तिलाही असते का?

१९७० साली ऑस्ट्रेलियाच्या केन फ्रीमन यांनी दाखवलं की तबकडीसारख्या दीर्घिकांचा उजेड मध्यापासून बाहेर जाताना ठरावीक अंतरामागे ठरावीक पटीने घटतो. मग १९७९ मध्ये नेदरलँड्सच्या पीट व्हान डर क्रूट यांनी कडेने दिसणाऱ्या दीर्घिकांचे फोटो तपासले. एका अंतरानंतर तारे अचानक विरळ होत होते. झालं, वेस सापडली!

पण रेडिओ दुर्बिणी वेगळंच सांगत होत्या. थंड हायड्रोजन २१ सेंटीमीटरच्या रेडिओ लहरी सोडतो. १९५१ मध्ये त्या पहिल्यांदा पकडल्या गेल्या. पुढे दिसलं की हा वायू ताऱ्यांच्या वेशीपलीकडेही लांबवर पसरलाय. आपल्या नारायणगावजवळ खोडद परिसरात ४५ मीटरच्या तीस अँटेना आहेत ना, त्याही हाच हायड्रोजन टिपतात. मग एवढा वायू असून तिथे तारे का नाहीत? तर तो इतका विरळ आहे की आकसून त्याचे तारे बनणं अवघड, असा समज होता.

२००३ मध्ये नासाने गॅलेक्स ही अतिनील दुर्बीण अवकाशात पाठवली. तिने एम ८३ या दीर्घिकेच्या पार बाहेर, त्याच विरळ वायूत, तरुण ताऱ्यांचे पुंजके दाखवले. अतिनील प्रकाशात झळकणारे हे मोठे तारे फार काळ जगत नाहीत, त्यांना लांबचा प्रवास करायला वेळच नसतो. म्हणजे ते जन्मले तिथेच!

मग कडेचे म्हातारे तारे कुठले? २००८ मध्ये रोक रोश्कार आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर दीर्घिका घडवून पाहिली. सर्पिल भुजांच्या ओढीने तारे हळूहळू बाहेर सरकत होते. वेशीपलीकडचे बहुतेक तारे आत जन्मून तिकडे आलेले निघाले.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही: आपला सूर्यसुद्धा आकाशगंगेत आणखी आतल्या बाजूला जन्मून इथे आला असावा, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. म्हणजे आपणही बाहेरगावचेच!

तेव्हा वेस आहे, पण तिथे गाव संपत नाही. तिच्या पलीकडे नवी वस्ती उठतेय, आणि जुनी माणसं राहायला येतायत.

भेटू पुढच्या भागात!