परळातला इतिहास

आमच्या जामनेरच्या माणसापुढं 'इतिहास' हा शब्द उच्चारला की तो अजिंठ्याच्या दिशेनं हात करतो. इतिहास तिकडं! पहूर ओलांडायचं, फर्दापूर गाठायचं, तिकीट काढायचं आणि बघून यायचं. इथं गावात केळी, कापूस आणि बाजार. मला स्वतःला अजिंठ्यात कौतुक वाटतं ते जॉन स्मिथचं. १८१९ सालच्या एप्रिलात हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात तिथं पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून मोकळा झाला. आज कुणी असं करू लागला तर पहारेकरी शिट्टी फुंकत धावेल, आणि त्यानं धावलंच पाहिजे. पण त्या अडाणी कोरीवकामामुळं तारीख टिकली, हे नाकारता येत नाही.

आता जामनेरच्या बोन्सायवाल्यांचा इतिहास लिहायचा आहे म्हटल्यावर लोक हसतील. हसले सुद्धा. ''एवढ्याशा झाडाला कसला आलाय इतिहास भो?'' असं मला भर चौकात विचारण्यात आलं. पण चिमुकल्या गोष्टींशी आमच्या गावाचं नातं जुनं आहे. पाचोरा-जामनेर ही आमची 'पीजे' म्हणजे रेल्वेचं बोन्सायच होतं. रूळ अडीच फुटी, प्रवास छपन्न किलोमीटरचा. इंजिन, डबे, गार्ड, शिट्टी, सगळं मोठ्या गाडीसारखं, फक्त आकार आणि घाई कमी. २०२० साली टाळेबंदीत ती थांबली, ती त्या अवतारात पुन्हा सुटली नाही.

तर आमच्या बोन्सायवाल्यांचे मूळपुरुष म्हणजे ड्रॉइंगचे मास्तर. त्यांच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी मंडळ भरायचं. मंडळाला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती, त्यामुळे भांडणंही नव्हती. एक कंपाउंडर, एक किराणा दुकानदार, एक वायरमन, मुलींच्या शाळेतल्या एक बाई आणि मी. मी बिनझाडाचा सभासद. चहाच्या वेळी कोरम भरावा म्हणून मला घेतलं होतं.

मास्तरांनी झाड परळात लावलं तेव्हा 'बोन्साय' हा शब्द त्यांच्या कानावरूनही गेलेला नव्हता. तो बऱ्याच वर्षांनी एका मासिकात सापडला. 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणं, हे कळल्यावर मास्तर म्हणाले, ''म्हणजे आपला परळच की!'' जपानी कुंड्या परवडणं शक्य नव्हतं. कुंभाराकडून परळ करून घ्यायचे, त्याला बुडाशी भोकं पाडायची. फांदी वळवायला तांब्याची तार लागते, आणि ती मऊ व्हावी म्हणून जपानी माणसं ती आधी विस्तवात तापवून घेतात. आमच्याकडं ते काम वीज करायची. उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळत, त्या रिवायंडिंगच्या दुकानात येत, आणि तिथली जळकी तार वायरमन घेऊन येत. अशी लोण्यासारखी वळणारी तार जपानच्या बादशहालाही मिळाली नसेल!

बघायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. ''खत कमी पडलं का?'' ''फळं किती धरतात?'' ''केळीचं होतं का हो?'' केळ हे मुळात झाडच नव्हे, तिच्या खोडात लाकूड नाही, तेव्हा तार कशाला गुंडाळायची, हे मास्तर प्रत्येकाला खडूनं आकृती काढून समजावून सांगत. कुणी हळूच बजावून जाई, की खुरटं झाड घरात असलं की मुलांची लग्नं खुरटतात. मास्तरांच्या मुलांची लग्नं वेळेवर झाली. पण वावड्या उठवणाऱ्यांनी त्याची नोंद घेतली नाही.

बोन्सायच्या पुस्तकात झाडाला हिमापासून कसं जपावं यावर एक प्रकरण असे. मास्तर ते मे महिन्यात मोठ्यानं वाचून दाखवत, जरा गार वाटावं म्हणून. आमच्याकडं पारा चव्वेचाळीसवर गेला की परळातली बोटभर माती दुपारपर्यंत पापडासारखी होते. दिवसातून दोनदा पाणी, कधी तीनदा. एक दिवस खंड पडला की पंचवीस वर्षांची कारागिरी सरपणात जमा.

त्याच पुस्तकात ओमियाची हकीकत होती. १९२३ च्या भूकंपात तोक्यो उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथल्या काही बोन्सायवाल्यांनी उत्तरेला ओमिया गावाजवळ जागा घेतली आणि १९२५ साली बोन्सायवाल्यांचं स्वतंत्र गावच वसवलं. राहायला यायचं तर नियम पाळायचे: घरात किमान दहा बोन्साय हवेत, फाटक सगळ्यांना उघडं ठेवायचं, कुंपण झाडाझुडपांचंच करायचं, आणि दोन मजली घर बांधायचं नाही. हे ऐकून आमचे कंपाउंडर म्हणाले, ''शेवटचा नियम तर आम्ही पहिल्यापासून पाळतोय.'' पुढं २०१० साली तिथं बोन्सायचं कलासंग्रहालयही उभं राहिलं. आपल्याकडं पुण्यात २०१८ च्या फेब्रुवारीत ३३३३ बोन्साय एके ठिकाणी मांडली आणि गिनीज बुकात नोंद झाली.

आमच्याकडं होती ती खतावणी. दुकानदारांनी एका पाडव्याला लाल कापडाची एक जास्तीची खतावणी मास्तरांना दिली, आणि ड्रॉइंगच्या माणसानं ती हिशेबनिसाच्या काटेकोरपणानं भरली. प्रत्येक झाडाचं वेगळं खातं. डावीकडं जमा: झाड कुठून आलं, कोणत्या पडक्या भिंतीतून उपटलं, कुणी दिलं. उजवीकडं खर्च: कोणती फांदी कापली, मुळं कधी छाटली, तार कधी चढवली, कधी उतरवली. शेजारी पेन्सिलीनं चित्र. उंबराची फांदी छाटली तर 'दत्तगुरूंची क्षमा मागून' असा शेरा असायचाच.

२०१६ साली मास्तर गेले. मुलाचा फ्लॅट पुण्यात, तिथं इतकी झाडं न्यायची कुठं? ती वाटली गेली. एक वड वायरमननं शेताच्या बांधावर जमिनीत लावून टाकला. तीस वर्षं फूटभर राहिलेलं झाड चार पावसाळ्यांत घरावर गेलं. काही मेली. एका सभासदाकडं सगळ्या झाडांचे फोटो मोबाइलमध्ये होते, तो मोबाइल बसमध्ये राहिला. खतावणी मात्र माझ्याकडं आली, कारण 'तुम्ही लिहिता ना!'

एकेचाळीस खाती. चाळीस चोख. एकेचाळिसावं, म्हणजे खरं तर पहिलंच, घरी उरलेल्या थोरल्या उंबराचं. तिथं जमेच्या बाजूला एवढंच: 'मागील बाकी'. आणि मागलं पान म्हणजे लाल पुठ्ठा! झाड खतावणीच्या आधीचं, तेव्हा मास्तरांनी सरळ शिल्लक पुढं ओढलेली. मी चौकशीला निघालो. कंपाउंडर म्हणाले, उंबर कांग नदीच्या काठावरून आणलं. दुकानदार शपथेवर सांगत होते, त्यांच्या गोदामाच्या भिंतीतलं. बाईंच्या मते एका देवळामागलं. तिघेही त्या वेळी 'तिथं स्वतः हजर' होते.

असा प्रकार मोठ्यांच्या घरीही होतो. १९७६ साली जपाननं अमेरिकेला त्रेपन्न बोन्साय भेट दिली. त्यात मासारू यामाकी नावाच्या गृहस्थांचा एक पाइन होता, १६२५ पासून परळात वाढवलेला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात तो पंचवीस वर्षं ऐटीत बसून होता. २००१ च्या मार्चमध्ये यामाकींचे दोन नातू तो बघायला आले आणि मग उलगडा झाला. यामाकींचं घर हिरोशिमात होतं. ६ ऑगस्ट १९४५ ला बाँब पडला तो तिथून तीनेक किलोमीटरवर, आणि हा पाइन भिंतीच्या आडोशाला होता म्हणून वाचला. पंचवीस वर्षं त्याला नेमानं पाणी घालणाऱ्यांना आपण कुणाला पाणी घालतोय ते ठाऊक नव्हतं!

नातवंडांची वाट बघण्याइतका वेळ माझ्याकडं नाही. मी खतावणी घेऊन मास्तरांच्या घरी गेलो आणि वहिनींना विचारलं. आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. रविवारच्या मंडळात त्या चहापुरत्या यायच्या.

''विहिरीतलं ते,'' वहिनी म्हणाल्या. ''बहात्तरचा दुष्काळ. आमच्या मळ्यातली विहीर तळाला गेली, गाळ काढायला माणसं उतरली, तेव्हा दगडाच्या सांध्यात वीतभर दिसलं. हे म्हणाले, विहीर आटली आणि हे हिरवं कसं? घेऊन आले वर.''

''आणि पाणी?''

''पाणी कुठलं भाऊ! बैलगाडीनं यायचं. घराला चार हंडे, माणसं नऊ. मी नवी नवरी. भांडी विसळलेलं पाणी गाळून ठेवायची, रोज एक गडू. सासूबाई निजल्या की घालायची. झाडाला पाणी घालते म्हटल्यावर त्यांनी मलाच विहिरीत घातलं असतं.''

मी हिशेब केला. तिथून मास्तर जाईपर्यंत चव्वेचाळीस वर्षं, आणि त्यानंतरची वेगळी. मास्तर शिबिरांना जात, पेपर तपासायला जात, लग्नांना जात. एकेचाळीस परळ, मे महिन्यात दोन वेळा. मी खतावणी पहिल्यापासून पुन्हा चाळली. छाटणी आहे, तार आहे, मुळं आहेत, दत्तगुरू आहेत. पाणी घातल्याची नोंद एकही नाही.

''रोजचं कुणी लिहितं का?'' वहिनी हसल्या. ''भाकरी केल्याची कुठं नोंद असते?''

मी पेन काढलं आणि 'मागील बाकी'च्या वर, समासात, विहीर, दुष्काळ आणि त्यांचं नाव लिहिलं. वहिनींनी चष्मा लावून वाचलं. तांब्या खोडून गडू करायला लावलं. मग म्हणाल्या, ''थांबा. पहिल्या बाळंतपणाला मी तीन महिने माहेरी होते, ऐन उन्हाळ्यात. तेव्हा आमच्याकडं भांड्याला यायची तिनं घातलं. मी जाताना गडू दाखवून गेले होते. आले तेव्हा नवी पानं होती. तिचंही लिहा.''

''नाव काय तिचं?''

वहिनी बराच वेळ उंबराकडं बघत बसल्या. चेहरा आठवत होता, हातातल्या हिरव्या बांगड्या आठवत होत्या, नाव येईना. आता त्या चुलत नणंदेला विचारून सांगणार आहेत. तेवढी ओळ मी कोरी सोडली आहे.