हलणारं चित्र आणि पन्नास-साठचं भांडण

ज्यांनी २००८-१० पर्यंत संगणकावर काम केलंय, त्यांना "चित्र हलतंय" ही तक्रार काही नवीन नाही. मागे पोट सुटलेला, उचलताना कंबर धरायला लावणारा तो काचेच्या नळीचा मॉनिटर आठवतोय ना? त्याच्यावरची अक्षरं कधीकधी पाण्याखाली ठेवल्यासारखी डुलायची. मग घरातलं कुणीतरी जाणतं माणूस येऊन त्याच्या डोक्यावर एक थाप मारायचं. थापेने चित्र थांबलं, तर आत कुठेतरी ड्राय सोल्डर आहे असं खुशाल समजावं. पण हे डुलणं काही थापेने थांबायचं नाही. त्याचं मूळ शोधायला गेलं की माणूस थेट एकोणिसाव्या शतकात पोचतो.

१८९७ साली स्ट्रासबर्गला कार्ल फर्डिनांड ब्राऊन या जर्मन प्राध्यापकाने ही नळी बनवली. हे गाव तेव्हा जर्मनीत होतं, आता फ्रान्समध्ये आहे. ब्राऊनला चित्रं बघायची नव्हती, वीज कशी वरखाली होते ते बघायचं होतं. नळीत इलेक्ट्रॉनचा झोत, समोर चमकणारा पडदा आणि बाजूला तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून वीज गेली की चुंबकत्व तयार होतं आणि झोत वाकतो, पडद्यावरचा ठिपका सरकतो. थोडक्यात, जवळपासचं चुंबकत्व ओळखणं हेच या नळीचं पहिलं काम. पुढे तिच्यावर आपण बातम्या, क्रिकेट आणि टॅलीची खाती बघितली, पण तिचा मूळ स्वभाव काही गेला नाही. शेजारी ट्रान्सफॉर्मर ठेवा, ती लगेच सांगणार!

आता भांडण कुठे सुरू झालं ते बघू. १८९० च्या दशकात घरोघरी जाणाऱ्या विजेचे दोन पंथ झाले. अमेरिकेत वेस्टिंगहाउसने सेकंदाला ६० आवर्तनं धरली, जर्मनीत एईजीने ५०. पुढे दूरचित्रवाणी आली, तेव्हा इंजिनिअर मंडळींना पक्कं ठाऊक होतं की या विजेचा थोडा तरी उपद्रव चित्रात शिरणारच. मग त्यांनी एक छान युक्ती केली. चित्र सेकंदाला जितक्या वेळा रंगवायचं तो आकडाच विजेच्या आकड्याएवढा ठेवला. १९३६ साली लंडनहून बीबीसीने ४०५ रेषांचं प्रक्षेपण सुरू केलं ते ५० वर, आणि १९४१ साली अमेरिकेने ५२५ रेषांची पद्धत ठरवली ती ६० वर. त्यामुळे झालं काय, की चित्र वाकलं तरी प्रत्येक वेळी जवळपास त्याच जागी वाकायचं. किंचित वाकडं पण स्थिर! आणि वाकडेपणा जागेवर राहिला तर डोळा चालवून घेतो. आपल्या दूरदर्शनचंही चित्र ५० चंच होतं, आणि आपली वीजही ५० ची.

मग १९८७ साली आयबीएमने व्हीजीए आणलं. त्याची आडव्या रेषांची गती अमेरिकन रंगीत दूरचित्रवाणीच्या बरोबर दुप्पट, आणि ६४० गुणिले ४८० चं चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा. अमेरिकेत हा आकडा त्यांच्या विजेशी जवळजवळ जुळत होता. तोच मॉनिटर पुण्यात किंवा नागपुरात आला की ६० वजा ५० बरोबर १०. म्हणजे जवळ चुंबकीय गडबड असेल, तर चित्र सेकंदाला दहा वेळा डुलणार. गंमत म्हणजे त्याच खोलीत, त्याच स्टॅबिलायझरशेजारी ठेवलेला टीव्ही मात्र शांत! साहजिकच सगळे म्हणायचे, मॉनिटरच खराब आहे.

आमची मावशी २००१ च्या सुमारास एका डीटीपी सेंटरमध्ये मराठी पुस्तकं टाइप करायची. दुपारनंतर तिचं डोकं चढायचं. डोळ्यांचा नंबर तपासून झाला, काही निघालं नाही. "वय झालं आता, मावशी," असं तिथली मुलं चेष्टेने म्हणायची. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. मालकांनी मॉनिटर बदलून दिला, नवाही तसाच डुलायला लागला, तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली की दोष बाईंच्या डोळ्यांत आहे. शेवटी मीटरच्या कामाला आलेल्या वायरमनने पडदा बघितला आणि विचारलं, "या भिंतीतून बिल्डिंगची मेन केबल जाते ना?" टेबल चार फूट पुढे ओढलं आणि अक्षरं उभी राहिली. त्यानंतर मावशीने तिथे आणखी सहा वर्षं काम केलं. त्याआधी मात्र नोकरी सोडायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं.

म्हणून अजून कुणाकडे असा मॉनिटर असेल (जुने खेळ खेळणारे बरेच जण हौसेने ठेवतात), तर आधी तो उचलून दुसरीकडे ठेवून बघा, दिशा बदलून बघा. डुलणं कमी-जास्त झालं तर चोर बाहेर आहे: स्टॅबिलायझर, यूपीएस, स्पीकर, टेबलफॅन, नाहीतर भिंतीतली वायर. व्होल्टेज सांभाळायला आणलेला स्टॅबिलायझरच चित्र हलवतो, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी होता! रिफ्रेश रेट ७५ किंवा ८५ केला तरी डुलणं डोळ्याला कमी जाणवतं. पण चित्र वरखाली धावत असेल तर केबलच्या पिना बघा. ते श्वास घेतल्यासारखं लहानमोठं होत असेल तर दोष आतला, बहुधा वाळलेल्या कपॅसिटरचा. तिथे मात्र स्वतः हात घालू नका. नळीत हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ टिकतात.

आणि ते डिगॉसचं बटण? 'धुम्म' आवाज करून चित्र थरथरवणारं? ते रंगांचे डाग घालवतं, डुलणं नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन चुंबकी सुरुंगांपासून वाचण्यासाठी ब्रिटिशांनी जहाजांभोवती केबल गुंडाळून त्यांचं चुंबकत्व मारलं, तेव्हाचा हा शब्द. जहाजावरून उतरून तो थेट आपल्या टेबलावर आला.

आताच्या सपाट पडद्यांत झोतच नाही, त्यामुळे वाकायलाही काही नाही. शेजारच्या भिंतीत मेन केबल असली तरी आता कुणाला कळत नाही. असो. फक्त एक विनंती. तो जुना मॉनिटर टाकायचाच ठरला, तर फोडायला देऊ नका, त्याच्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. आणि टाकण्याआधी एकदा खोलीच्या मधोमध ठेवून चालू करून बघा. कदाचित त्याला काहीच झालेलं नसेल.