मृत्युनोंदीतला धूर

इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. परंतु सरकारी मृत्युनोंदीच्या वह्यांनाही स्वतःचा इतिहास असतो, आणि तो वाचायला बसले म्हणजे रणांगणाच्या वर्णनाहून अधिक अस्वस्थ व्हायला होते. अशाच एका नोंदीची हकीकत आज सांगावयाची आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये १९२२ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाने ६१२ माणसे मेली. १९४७ साली हाच आकडा ९,२८७ झाला. पंचवीस वर्षांत सुमारे पंधरा पट! आणि हा रोग पूर्वी किती विरळा होता म्हणाल, तर १९१२ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर आयझॅक ॲडलर यांनी त्यावर ग्रंथ लिहिला तेव्हा इतक्या दुर्मिळ व्याधीवर ग्रंथ लिहिणे योग्य होईल काय, अशी शंका त्यांची त्यांनाच आली होती.

आता कोणी म्हणेल, रोग वाढला नसेल, तो ओळखण्याची विद्या वाढली असेल. आक्षेप रास्त होता. क्षकिरणांची सोय झाली होती, माणसे अधिक वर्षे जगू लागली होती. परंतु क्षकिरण स्त्री आणि पुरुष असा भेद करीत नाहीत. ही वाढ मात्र पुरुषांत फार मोठी आणि स्त्रियांत त्या मानाने थोडी होती. तेव्हा निदान सुधारले एवढ्याने तिचा उलगडा होईना.

मग संशय कोणावर घ्यावा? नव्या डांबरी रस्त्यांवर, मोटारींच्या धुरावर, कारखान्यांच्या धुराड्यांवर बोट दाखवले जाई. ब्रॅडफर्ड हिल आणि रिचर्ड डॉल यांनी लंडनच्या वीस इस्पितळांत चौकशी आरंभिली, तेव्हा डॉल यांचा स्वतःचा कयासही डांबराकडेच होता. प्रत्येक रोग्यामागे त्याच वयोगटाचा व त्याच लिंगाचा, पण हा कर्करोग नसलेला, दुसरा रोगी घेऊन दोघांना तेच प्रश्न विचारले गेले. १९५० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आला. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे अवघे दोन निघाले; तुलनेच्या तितक्याच पुरुषांत असे सत्तावीस होते. हे आकडे हाती येत असतानाच डॉल यांनी आपली सिगारेट सोडली.

या आकड्यांमागे आणखी जुनी कथा आहे. विल्स कंपनीने १८८३ साली बॉन्सॅकच्या सिगारेट वळण्याच्या यंत्राचे हक्क घेतले आणि सिगारेट स्वस्त झाली. पहिल्या महायुद्धात ती सैनिकांच्या खिशात गेली. १९४८ साली ब्रिटनमधील शंभरातील ब्याऐंशी पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू ओढीत होते. हा रोग रुजायला दोनतीन दशके घेतो. म्हणून बापाच्या तरुणपणचा धूर मुलगा कर्ता झाल्यावर मृत्युनोंदीत दिसतो. पेरणी आणि कापणी यांत इतके अंतर पडले की शेत कोणाचे, हेच लोक विसरतात.

डॉल आणि हिल यांनी १९५१ साली ब्रिटनच्या डॉक्टरांनाच पत्रे धाडली. चाळीस हजारांहून अधिक उपयुक्त उत्तरे आली. १९५४ सालच्या पहिल्या अहवालात फुफ्फुसाच्या कर्करोगाने मेलेल्या ३६ डॉक्टरांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता. तरी वाद मिटला नाही. संख्याशास्त्राचे महापंडित रोनाल्ड फिशर म्हणत राहिले की, धूम्रपानाची ओढ आणि रोगाची प्रवृत्ती ही दोन्ही एकाच आनुवंशिक मुळातून निघत असतील. त्याच १९५४ सालच्या फेब्रुवारीत आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी हा संबंध मान्य असल्याचे पत्रकारांना सांगितले. सांगताना त्यांच्या हाती सिगारेट होती!

पुढे १९६२ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अहवाल आला. १९६५ साली दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, आणि १९७१ साली पाकिटावर धोक्याची सूचना छापली गेली. म्हणजे १९५० चा निबंध आणि पाकिटावरच्या दोन ओळी यांच्यात एकवीस वर्षे गेली. ब्रिटनमधील पुरुषांचा मृत्युदर १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शिखराला पोचून उतरू लागला. स्त्रियांनी सिगारेट उशिरा हाती घेतली, म्हणून त्यांची चढण पुढे कित्येक वर्षे चालूच राहिली. कारण ठाऊक झाल्यानंतरही ती चढण चढली गेली, ही या इतिहासातील सर्वांत खेदाची गोष्ट होय.

परंतु याच इतिहासात दिलासाही आहे. डॉक्टरांच्या त्या पाहणीचा पन्नास वर्षांचा हिशेब डॉल यांनी २००४ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, सहकाऱ्यांसह मांडला. सिगारेट ओढणारा सरासरीने दहा वर्षे आधी मरतो. तिशीत सोडणारा ती जवळजवळ सर्व परत मिळवतो, आणि साठीत सोडणाऱ्यालाही तीन वर्षे लाभतात.

मुंबईच्या संघवी, राव आणि खानोलकर यांनीही १९५५ साली त्याच नियतकालिकात तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवून दिला. तेव्हा हा इतिहास केवळ परक्यांचा, असे म्हणण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही. आज आपण जे ओढतो, चघळतो आणि मुलांच्या हाती जाऊ देतो, त्याची नोंद कोठेतरी होणारच आहे. ती वाचणारे मात्र आपण नसू.