औंधचे नमस्कार आणि मणक्यातली सुई

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हटलं की लोकांना डोंगरावरचं म्युझियम आठवतं. पण हा राजा व्यायामाचाही पक्का वेडा! आधी सँडोची पद्धत, मग सूर्यनमस्कार. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं आणि १९३८ साली लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या मदतीने लंडनहून 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ'. कणा वाकता ठेवा, बाकी सगळं ठीक होईल, असा एकूण सूर.

गंमत बघा, त्याच दशकात तिकडे अमेरिकेत पाठ नेमकी दुखते कुठे यावर डोकेफोड चालली होती. १९३३ साली घोर्मली यांनी मणक्यांच्या मागच्या बाजूच्या छोट्या जोडसांध्यांवर बोट ठेवलं आणि 'फॅसेट सिंड्रोम' हे नाव दिलं. पण पुढच्याच वर्षी मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेली गादी नस दाबते हे दाखवलं, आणि झालं, सगळे गादीच्या मागे! सांधे बिचारे तीसेक वर्षं अडगळीत. (आपल्याकडे अजूनही 'गॅप आहे' म्हटलं की निदान संपलं.)

१९६३ साली हिर्श यांनी या सांध्यांपाशी मिठाचं तीव्र पाणी टोचलं, तर ओळखीचं दुखणं उठलं. १९७६ मध्ये मूनी आणि रॉबर्टसन यांनी एक्स-रेवर बघत सुई घातली: आधी दुखवलं, मग बधिर करून थांबवलं.

आम्हा प्रोग्रामर लोकांना हे लगेच कळतं. संशय असलेली ओळ कॉमेंट करायची. एरर गेली तर दोषी तीच. फक्त माणूस म्हणजे कंपायलर नव्हे. सुई टोचली या समाधानानेही बरं वाटतं. १९९४ साली श्वार्झर आणि मंडळींनी मोजलं, तर एकाच इंजेक्शनवर विसंबल्यास खोट्या होकारांचं प्रमाण ३८ टक्के निघालं! म्हणून चाचणी दोनदा करायची. एकदा लिग्नोकेन, एकदा जास्त वेळ टिकणारं ब्युपिव्हाकेन, आणि पेशंटला कुठलं ते सांगायचं नाही. आराम त्या-त्या औषधाच्या हिशोबाने टिकला तरच सांधा दोषी. मला तरी यातला सगळ्यात हुशार भाग हाच वाटतो.

आता उपचार. सांध्यात स्टिरॉइड टोचणं लोकप्रिय आहे, पण १९९१ च्या कॅरेट यांच्या चाचणीत एक आणि तीन महिन्यांनी स्टिरॉइड आणि साधं सलाइन यांत फारसा फरक दिसला नाही. चाचणी दोन्ही वेळा जुळली तर सांध्याकडे जाणारी बारीक नस रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळतात. ती काही महिन्यांनी परत वाढते, मग पुन्हा तेच.

त्या मधल्या बऱ्या काळात डॉक्टर व्यायाम सांगतात. नमस्कार घालायचे का, हे मात्र विचारूनच ठरवा, कारण मागे वाकलं की भार नेमका याच सांध्यांवर येतो.