लहान नभोवाणीची पूर्वपीठिका

शंभर वॅट शक्तीचें यंत्र, तीस मीटरांपर्यंतचा मनोरा आणि दहाबारा किलोमीटरांचा टापू, एवढ्या चतुःसीमेंत आपल्याकडील ‘कम्युनिटी रेडिओ’ आंखून दिलेला आहे. त्याचा इतिहास सांगणारे बहुधा १९९५ सालापासून आरंभ करितात. त्या वर्षींच्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें, न्या. पी. बी. सावंत यांनीं लिहिलेल्या निकालपत्रांत, ध्वनिलहरी वाहून नेणारें आकाश ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. पुढें २००२ सालीं शिक्षणसंस्थांस व २००६ सालीं लोकसेवी संस्थांस परवान्याचें दार उघडलें. हा क्रम बरोबर आहे, परंतु तो परवान्याचा इतिहास झाला. ऐकणारानें उलट बोलावें ही जी या नभोवाणीच्या मुळाशीं असलेली कल्पना, ती सुमारें चाळीस वर्षें आधीं आमच्याच जिल्ह्यांत अजमावून पाहिली गेली होती.

आकाशवाणीचें पुणें केंद्र १९५३ सालीं निघालें. तीन वर्षांनीं, १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, युनेस्कोच्या साह्यानें या केंद्रानें पुणें धरून पांच जिल्ह्यांतील दीडशें गांवांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापिलीं. असा उपक्रम कानडांत १९४१ पासून चालू होता. त्याचाच हा देशी अवतार. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. मंडळी जमून ऐकत, मग आपसांत वाद घालीत, आणि उरलेल्या शंका चिटणीस लिहून पुण्यास पाठवी. त्यांचीं उत्तरें पुढील एखाद्या कार्यक्रमांत मिळत. ‘ऐका, चर्चा करा, करून पाहा’ असें त्यांचें सूत्र होतें. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानें मंडळ असलेलीं कांहीं गांवें व नसलेलीं कांहीं गांवें यांची तुलना केली. नुसता रेडिओ असलेल्या गांवीं ज्ञानांत फारशी भर पडली नाहीं. जेथें मंडळ होतें तेथें ती लक्षांत येण्याइतकी पडली. आमच्या मतें या प्रयोगाचें सगळें सार एवढ्यांत आलें. गुण यंत्राचा नव्हता, ऐकून झाल्यावर चालणाऱ्या बोलण्याचा होता.

१९५९ पासून ही योजना देशभर पसरली आणि मंडळांची गणती हजारांत गेली. पण कागदावर मंडळ उघडणें सोपें. त्याच्या पत्रास उत्तर देणें कष्टाचें. पत्रें घेणारा व गांवोगांव हिंडणारा माणूस त्या प्रमाणांत वाढला नाहीं, आणि योजना हळूहळू निवाली. ती फसली असें म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

आज पुणें विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’ आणि म्हसवडास २००८ सालीं निघालेली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हीं नांवें वाचकांच्या कानांवरून गेलीं असतील. माणदेशांतील वाहिनीवर शेजारची बाई बोलते आणि शेजारचीच ऐकते. परंतु शिरूर पुण्यापासून साठ किलोमीटरांहून दूर, दौंड बारामतीपासून चाळीसएक. दहाबारा किलोमीटरांचा आवाज तेथें जाणार कसा? लहान केंद्र ज्याच्या त्याच्या गांवींच निघावें लागतें.

निघालें तरी त्यानें काय बोलावें, हाही पेंचच आहे. २००६ च्या धोरणानें बातम्यांस मनाई केली. पुढें आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलींत उतरवून देण्याची मुभा मिळाली. म्हणजे दिल्लीची बातमी गांवच्या बोलींत सांगतां येते, गांवची स्वतंत्र बातमी मात्र देतां येत नाहीं! ‘ही बातमी नव्हे, सूचना’ असें म्हणून वाट काढावी लागते. शिरूरकडे उसांत बिबट्या वावरतो. तो कालच्या रात्रीं कोणत्या शिवारांत दिसला, हें कशांत मोडतें? चिंचणीच्या धरणांतून घोड नदींत पाणी सोडलें, तर काठावरच्या मोटारी वेळींच वर ओढाव्या लागतात. पाणी केव्हां सुटलें आणि कोठवर आलें, हें पुण्याच्या निवेदकास कळण्यापूर्वीं वरच्या गांवच्या माणसास दिसत असतें.